घरच्या घरी ब्रेक कॅलिपर बांधायचा तर

गाडी, म्हणजे पुढे डिस्क ब्रेक असलेली दुचाकी, मेन स्टँडवर लावा. मागच्या सीटवर कोणाला तरी बसवा, म्हणजे पुढचं चाक जमिनीवरून सुटेल. आता चाकाला हाताने एक झटका द्या. डिस्कला पॅड घासल्याचा हलका सर्रर्र आवाज येत चाक दोन-तीन फेरे फिरलं, तर आज काही करायचं नाही, हे नुसतं वाचून ठेवा. अर्ध्या फेऱ्यातच थांबलं, तर ब्रेकचा लिव्हर एकदा जोरात दाबा, सोडा आणि लगेच परत फिरवून बघा. आधी थोडं तरी फिरणारं चाक आता जागचं हलत नसेल, तर ब्रेक धरून राहतोय.

इथे घाई करू नका. डिस्कवर बसलेला, पॅड दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. त्यावर रबरी टोपीखाली हवा काढायचा निपल असतो. चाक जाम असतानाच तो पाव फेरा सैल करा, खाली फडकं धरा. दोन-चार थेंब उडून चाक मोकळं झालं, तर दाब वरच्या बाजूला अडकलाय: मास्टर सिलिंडरमधलं (लिव्हरजवळच्या ऑइलच्या पंपातलं) परतीचं बारीक भोक बुजलंय, नाहीतर ब्रेकचा पाइप आतून फुगून बंद झालाय. अशा वेळी कॅलिपर खोलून काही उपयोग नाही. निपल उघडल्यावरही चाक तसंच जाम राहिलं, तर दुखणं कॅलिपरमध्येच आहे. ही चाचणी एका मिनिटाची आहे. मी पहिल्यांदा ती न करताच नव्या रबरांचं किट आणायला पळालो होतो.

पिस्टन मागे कोण ओढतं?

गॅरेजमध्ये इंजिन ‘बांधतात’, म्हणजे खोलून, साफ करून परत जोडतात, तसाच कॅलिपरही बांधता येतो, आणि इंजिनपेक्षा कितीतरी सोपा. त्यात हलणाऱ्या वस्तू मोजून चार-पाच. पण त्यातली एक वस्तू नीट समजली नाही तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून आधी तीच.

ड्रम ब्रेकमध्ये शू मागे खेचायला स्प्रिंग असते. कॅलिपरमध्ये तशी स्प्रिंग नसते. लिव्हर दाबला की ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे येतो आणि पॅड डिस्कवर दाबतो, हे सगळ्यांना माहीत असतं. लिव्हर सोडल्यावर तो मागे कसा जातो? त्याला मागे ओढतं त्याच्याभोवतीचं रबरी सील. हे सील कापून बघितलं तर आत चौकोनी दिसतं, आणि ते कॅलिपरच्या भोकात कोरलेल्या खाचेत बसतं. पिस्टन पुढे सरकताना सीलची आतली कड त्याला चिकटून थोडी वाकते. दाब गेला की रबर सरळ होतं आणि पिस्टनला आपल्याबरोबर मागे घेऊन येतं. ही सगळी हालचाल मिलिमीटरच्या अंशाची, पण डिस्क मोकळी फिरायला तेवढी पुरते. पॅड झिजले की पिस्टन सीलमधून तेवढाच पुढे घसरतो आणि तिथून परत हाच खेळ सुरू होतो. म्हणून डिस्क ब्रेकला ड्रमसारखं ॲडजस्टमेंट लागत नाही.

आता त्या खाचेच्या तळाशी पांढरट-पिवळा थर जमला असं समजा. सील आतून वर उचललं जातं, पिस्टनला आवळून धरतं, आणि त्याला वाकायला जागाच उरत नाही. पिस्टन पुढे जातो, मागे येत नाही. तुम्ही नवं कोरं सील आणून त्याच थरावर बसवलंत, तर ते जुन्यापेक्षाही जास्त आवळेल. ‘किट टाकलं तरी ब्रेक धरतोच’ ही तक्रार तुम्ही ऐकली असेल, तिचं कारण बहुतेक वेळा हेच. कॅलिपर बांधण्याचं खरं काम म्हणजे ती खाच साफ करणं. सील बदलणं त्यानंतरचं पाच मिनिटांचं.

हा थर येतो कुठून? दोन्हीकडून. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि वर्षानुवर्षं बदललं नाही की आतलं ॲल्युमिनियम खातं. बाहेरून पुण्याचा पावसाळा आहेच. मेट्रोची कामं, खोदलेले रस्ते, चार महिने चिखलाचं बारीक पाणी पिस्टनच्या उघड्या भागावर बसतं. पॅड जितके झिजलेले तितका पिस्टन जास्त बाहेर, तितका तो मळलेला. मग पॅड बदलताना घाईत पिस्टन स्क्रू ड्रायव्हरने मागे ढकलला जातो आणि तो सगळा मळ सीलखाली जातो. नवे पॅड टाकल्यापासून गाडी जड चालते असं वाटत असेल, तर हा इतिहास आठवून बघा. यापुढे पॅड बदलाल तेव्हा पिस्टन आधी टूथब्रशने पुसा, मगच ढकला.

कोणी हात घालू नये

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. तुमच्या गाडीला एबीएस असेल तर कॅलिपर तसाच खोलता येतो, पण त्याच्या युनिटमध्ये हवा शिरली तर साध्या पद्धतीने ती निघेलच असं नाही; काही गाड्यांना त्यासाठी निदानाचं यंत्र जोडावं लागतं. पहिला प्रयोग एबीएस नसलेल्या जुन्या गाडीवर करा. आणि पहिला प्रयोग फ्लोटिंग कॅलिपरवर करा, म्हणजे ज्यात पिस्टन एकाच बाजूला असतात आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. आपल्याकडच्या १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे तोच असतो. समोरासमोर पिस्टन असलेले कॅलिपर, उदाहरणार्थ ३९० ड्यूकचा चार पिस्टनचा बायब्रे, दोन अर्ध्या भागांचे असतात. ते बोल्ट खोलायचा मोह पहिल्या वर्षी आवरा. (बायब्रे म्हणजे ‘बाय ब्रेम्बो’. कंपनी इटलीची, पण तिचा कारखाना आपल्या चाकणला आहे. त्या कॅलिपरकडे बघून मला उगाचच घरचा माणूस भेटल्यासारखं वाटतं.)

दुसरं म्हणजे, हा ब्रेक आहे. कार्ब्युरेटर चुकला तर गाडी रस्त्यात बंद पडते, यात चुकलात तर थांबत नाही. त्यामुळे शेवटी दिलेल्या चाचण्यांपैकी एक जरी फसली, तर गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्यायची. चालवत नाही.

सामान

पुण्यात स्पेअर पार्टसाठी नाना पेठ, हत्यारांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. नाना पेठेत माझा पहिला संवाद असा झाला.

“काका, कॅलिपरचं किट द्या.”

“गाडी?” सांगितली. “साल?” सांगितलं.

“पिस्टन किती एमएमचा?”

मी गप्प.

“मग आधी खोला. जुनं सील आणि पिस्टन घेऊन या. तुम्हालाही दोन फेऱ्या नकोत आणि मलाही.”

मला तेव्हा राग आला होता, पण माणूस बरोबर बोलत होता. एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कंपनीचे कॅलिपर लागलेले असतात. तेव्हा आधी खोला आणि जुने भाग पिशवीत घालून पीएमपीच्या बसने किंवा मित्राच्या गाडीवरून जा. किटमध्ये प्रत्येक पिस्टनला दोन रबरं हवीत, एक जाड आणि एक बारीक. सरकत्या पिनांचे रबरी बूटही त्याच दुकानात मागा. पाइपच्या बोल्टला लागणारे तांब्याचे वॉशर दोन लागतात, चार घ्या.

ब्रेक ऑइल मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलेलंच घ्यायचं, बहुतेक गाड्यांवर डॉट ३ किंवा डॉट ४ असतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे, आणि पाणी शोषून जुनं झालं की ती हद्द १५५ पर्यंत खाली येते. सिंहगडाचा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवल्यावर लिव्हर अचानक पोकळ लागतो, तो या उकळलेल्या ऑइलच्या वाफेमुळे. डॉट ५ मात्र उचलू नका. ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही. डॉट ५.१ हा वेगळा प्रकार आहे, नावातल्या साम्याने फसू नका. बाटली लहान आणि सीलबंद घ्या.

बाकीचं सामान घरात आणि गल्लीत मिळतं. निपलसाठी रिंग पाना, बहुतेक ८ चा, फिक्स पाना नको, कारण निपलचे कोपरे घासले की पुढचं सगळं अवघड होतं. कॅलिपरच्या बोल्टला सॉकेट, पॅडच्या पिनेला ॲलन की, शक्य असेल तर टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच बोल्ट आवळणारा पाना. औषधाच्या दुकानातून ५० मिलिलिटरची सिरिंज. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी हातभर, ती निपलवर घट्ट बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ब्रेक क्लीनरचा स्प्रे. सिलिकॉन ग्रीस किंवा रबरसाठीचं लाल ग्रीस. हातमोजे, जुने टूथब्रश आणि टूथपिकचा अख्खा डबा. हो, अख्खा.

खोलणं

आधी टाकी आणि मडगार्डवर जुनी चादर टाका आणि शेजारी पाण्याची बादली ठेवा. ब्रेक ऑइल रंग खातं. थेंब पडला तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. ते पाण्यात विरघळतं. माझ्या टाकीवर आठ आण्याएवढा एक डाग आहे, तो हे वाक्य लिहिण्याच्या आधीच्या काळातला.

कॅलिपर गाडीवर असतानाच सगळे बोल्ट ‘कट’ करून घ्या, म्हणजे फक्त पहिला ताण मोडून परत हलकेच बसवून ठेवा: पाइपचा बोल्ट, पॅडची पिन, निपल. एकदा कॅलिपर हातात आला की तो धरायला काही नसतं. निपल गंजून घट्ट झाला असेल तर जोर लावू नका. गंज सोडवणारं तेल त्याच्या मुळाशी टाकून रात्रभर ठेवा; आतली रबरं तशीही फेकायचीच आहेत. मग दोन मुख्य बोल्ट काढून कॅलिपर डिस्कवरून उतरवा, पॅड काढा. पाइप अजून जोडलेलाच राहू द्या.

यात मी पहिल्यांदा चुकलो. पाइप आधी काढला, कॅलिपर स्वच्छ हातात घेतला आणि मग लक्षात आलं की पिस्टन बाहेर काढणारा पंप मी स्वतःच सोडवून ठेवलाय. पिस्टन हलेना. पंक्चरच्या दुकानात नेऊन हवा मारली तर तो बंदुकीसारखा सुटला. नशीब समोर गुंडाळलेलं पोतं होतं. हिशेब करून बघा: २६ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं तोंड सुमारे ५.३ चौरस सेंटिमीटर असतं. कॉम्प्रेसरचा दाब ६ बार धरला तरी त्यावर सुमारे ३२ किलोचा जोर येतो. समोर बोट असतं तर पुढचं तुम्हाला कळतंच.

तुम्ही पाइप जोडलेला ठेवा, पिस्टनसमोर लाकडाची पट्टी धरा आणि लिव्हर हळूहळू दाबत राहा. पिस्टन एकेक मिलिमीटर बाहेर येतो. मास्टर सिलिंडरमधलं ऑइल कमी होईल, ते भरत राहा. दोन पिस्टन असतील तर मोकळा आधी पळतो आणि अडकलेला तिथेच बसतो. मोकळ्याला पट्टी आणि सी-क्लॅम्पने रोखा, म्हणजे दाब दुसऱ्यावर येईल. दोन्ही जवळजवळ बाहेर आले की खाली जुनी परात ठेवून पाइपचा बोल्ट काढा, पाइपाचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि पिस्टन हाताने ओढा. पक्कड नको. पिस्टनच्या बाहेरच्या पॉलिशवर पक्कडीचा एक ओरखडा पडला की तो पिस्टन भंगारात.

खाच

आता बसायला स्टूल घ्या आणि उजेडात या. मी रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसतो, कारण तिथे दहा वाजेपर्यंत तिरपं ऊन येतं आणि त्या उन्हात भोकाच्या आतली कड स्वच्छ दिसते.

बाहेरचं बारीक रबर आणि आतलं जाड रबर टूथपिकने उचकटून काढा. सुई, पिन, स्क्रू ड्रायव्हर यांपैकी काही नको. ॲल्युमिनियम मऊ असतं, खाचेच्या कडेला धातूने ओरखडा पडला की ऑइल तिथून झिरपणारच.

रबर काढल्यावर बहुतेकांना वाटतं, आत काही नाही, काळपट ॲल्युमिनियमच आहे. टूथपिकचं टोक खाचेच्या तळाच्या कोपऱ्यात टेकवून ओढा. पिठीसाखरेसारखी पांढरी भुकटी निघेल, कुठे कुठे खडीसाखरेसारखा कडक तुकडा. तो काळपट रंग धातूचा नव्हता. अल्कोहोल टाका, पाच मिनिटं मुरू द्या, परत ओढा. टोक बोथट झालं की नवी टूथपिक. माझ्या एका खाचेला पंधरा-वीस टूथपिक आणि पाऊण तास लागला होता. मधेच आईने वरून विचारलं, “अरे, सकाळपासून दात कोरतोयस की गाडी?” कोपरे सगळ्यात महत्त्वाचे, मधला तळ आपोआप चमकतो.

खाचेच्या एका कडेला किंचित उतार असतो. तो दोष नाही. सीलला वाकायला मुद्दाम ठेवलेली जागा आहे ती. ती कड ‘सरळ’ करायच्या भानगडीत पडू नका.

बाकी कॅलिपर, रबर काढल्यानंतर, साबणाच्या कोमट पाण्याने धुतला तरी चालतो, पण मग उन्हात पूर्ण वाळवा आणि ऑइलचे सगळे मार्ग अल्कोहोलने धुवून काढा. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांना या कामात मज्जाव. आपल्याकडे सुटा भाग दिसला की तो पेट्रोलमध्ये बुडवायची सवय आहे. ब्रेकची ही रबरं खनिज तेल लागलं की फुगतात. साधं ग्रीसही त्याच यादीत. आणि ब्रेकची कोरडी धूळ फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

पिस्टन बघताना नखाचा उपयोग करा. सील जिथे घासतं त्या भागावरून नख हळू फिरवा. अडकलं, म्हणजे तिथे खड्डा आहे, नवा पिस्टन आणा. नुसता डाग असेल आणि नख सरकत असेल, तर २००० नंबरचा पॉलिश पेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून हलक्या हाताने फिरवा. अगदी बाहेरच्या टोकाला, सीलपर्यंत कधी न पोचणाऱ्या भागात, बारीक खड्डे असतील तर मी सोडून देतो.

सगळं झाल्यावर एक परीक्षा: रबर न बसवता कोरडा पिस्टन भोकात सोडा. तो स्वतःच्या वजनाने सरकत तळाला गेला पाहिजे. मग ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं जाड सील आतल्या खाचेत बसवा, बोट गोल फिरवून कुठे पीळ किंवा उंचवटा लागतोय का बघा. एखाद्या जागी सील वर आलंय असं वाटलं तर काढा आणि त्याच जागी टूथपिक परत चालवा. मी दोनदा काढलं होतं.

बांधणं

बारीक रबर बाहेरच्या खाचेत. पिस्टनला ताजं ब्रेक ऑइल चोपडा आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबा. पोकळ तोंड पॅडच्या बाजूला. नीट साफ केलेल्या कॅलिपरमध्ये पिस्टन थोडा अडतो आणि मग लोण्यात सुरी गेल्यासारखा आत जातो. तिरका झाला तर ठोकू नका, बाहेर काढून परत.

सरकत्या पिना ही दुसरी दुर्लक्षित जागा. पिस्टन उत्तम आणि पिना गंजलेल्या असतील, तर एकच पॅड झिजतो. जुने पॅड टाकण्याआधी त्यांची जाडी शेजारी ठेवून बघा, एक पाव आणि एक पापड असेल तर दोष पिनांचा. जुनं ग्रीस पुसा, बूट बदला, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. बूट ग्रीसने ठासून भरला तर आत हवा कोंडते आणि पिन उशीसारखी परत उसळते.

ज्या पॅडला ब्रेक ऑइल लागलं असेल तो टाकून द्या, भाजून वगैरे वाचवू नका. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तोही या निमित्ताने मोजून घ्या.

कॅलिपर चढवा. पाइपच्या बोल्टला दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर. बोल्ट आधी हाताने पूर्ण बसवा, मगच पाना लावा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर थांबा. ॲल्युमिनियमचे आटे गेले तर एवढ्या मेहनतीचा कॅलिपर लेथवाल्याच्या दारात जाऊन बसतो.

हवा काढणं

कोरडा कॅलिपर लिव्हर दाबून भरायला बसलात तर संध्याकाळ होईल. सिरिंजमध्ये ताजं ऑइल घ्या, नळी निपलला लावा, निपल उघडा आणि खालून हळू दाबा. हवा हलकी असते, तिला वर जायचंच असतं. मास्टर सिलिंडरचं झाकण उघडं ठेवा आणि कोणाला तरी त्यावर नजर ठेवायला सांगा, नाहीतर वरून ऑइल ओसंडून टाकीवर येईल.

मग नेहमीची पद्धत. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. लिव्हर दोन-तीनदा दाबून धरून ठेवा, निपल पाव फेरा उघडा, लिव्हर हँडलपर्यंत जाईल, तिथेच धरून निपल बंद करा, मग लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की काढलेली हवा परत आत जाते. नळीत बुडबुडे येणं थांबेपर्यंत हे करत राहा आणि मास्टर सिलिंडर एकदाही रिकामा होऊ देऊ नका. मधे मधे कॅलिपरवर पान्याच्या मुठीने टिचक्या मारा. कोपऱ्यात चिकटलेले बुडबुडे सुटतात.

इतकं करूनही लिव्हर थोडा मऊ लागला तर रबरी पट्ट्याने तो हँडलला आवळून रात्रभर ठेवा. सकाळी बहुतेक वेळा तो घट्ट लागतो.

गाडी हलवण्याआधी

पॅड अजून डिस्कपासून लांब असतात, त्यामुळे पहिल्यांदा लिव्हर दाबल्यावर तो थेट हँडलला टेकतो. गाडी जागेवर उभी असतानाच लिव्हर पंप करून पॅड जवळ आणा. हे विसरून पार्किंगच्या उतारावरून खाली आलेले लोक असतात.

मग लिव्हर पूर्ण ताकदीने दाबून मिनिटभर धरा. तो हळूहळू खाली बसत असेल तर कुठेतरी गळतंय. पाइपचा बोल्ट, निपल आणि पिस्टनच्या कडा कोऱ्या टिश्यू पेपरने टिपून बघा. कोरडा राहिला तर चाक फिरवा, लिव्हर दाबा, सोडा, परत फिरवा. आधी जिथे अडत होतं तिथून चाक पुढे जायला हवं.

पहिली फेरी सोसायटीच्या आवारात, चालण्याच्या वेगाने, मागच्या ब्रेकवर पाय ठेवून. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० वरून १० पर्यंत हळूहळू दहा-बारा वेळा ब्रेक मारा, मधे अंतर ठेवून, म्हणजे नवे पॅड डिस्कशी जुळतात. त्याच दिवशी कात्रजचा किंवा दिवे घाट नको. पन्नासेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट आणि तोच टिश्यू पेपर पुन्हा एकदा.

काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, बाटलीवर नाव लिहून ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे द्या आणि इंजिन ऑइलच्या पिंपात मिसळू नका म्हणून सांगा. उघडलेली उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवण्यात अर्थ नाही, ती हवेतलं पाणी पीत बसते. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायचंच आहे. माझ्या टूलकिटच्या पिशवीच्या आत चिकटपट्टीचा तुकडा लावलेला आहे. त्यावर तारीख, किलोमीटर आणि ‘तांब्याचे वॉशर २ शिल्लक’ एवढंच लिहिलंय.